खड्ड्यातलं इंटरनेट आणि उस्मानचाचांची जोड

इंटरनेट आकाशातून येतं असं ज्यांना वाटतं, त्यांना एकदा माझ्याबरोबर खड्ड्यात उतरवावं अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. त्यात कंपनीचे साहेब आले, गावोगावचे सरपंच आले आणि माझी मावशीही आली. मावशी मोबाइल घेऊन गच्चीवर जाते, हात वर करते आणि मला विचारते, "अजून किती उंच धरू गं?" मावशीला मी माफ करते. बाकीच्यांना करत नाही.

मी ऑप्टिकल फायबर जोडते. बीडमधल्या एका कंत्राटदाराकडे हे काम करते. जिल्ह्यात कुठे केबल तुटली की आमची गाडी निघते. गाडीत मी, ड्रायव्हर बाबूराव आणि मागे दोन पेट्या. गावात पोचलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सायब कवा येनार?" मीच आलेय म्हटलं की लोक बाबूरावकडे बघतात. बाबूराव मिशीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "माझ्याकडं नका बघू. मी वायरीला हात लावला तर ही बाई मला गाडीतून उतरवती." मग एखादी खुर्ची येते. ती पुन्हा बाबूरावलाच मिळते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बीडच्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी संघटनेची पत्रकं लिहायचे. माझं लहानपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. अण्णांचा नियम होता की पत्रकात काय झालं, कुणामुळे झालं आणि आता काय करायचं एवढंच लिहायचं, विशेषणं दुसऱ्या कुणालातरी देऊन टाकायची. आणि पत्रक दारापर्यंत गेलं नाही तर ते छापलंच नाही असं धरायचं. इंटरनेटच्या कामात मी पडले ती याच समजुतीने, की हे आता सगळ्यांत मोठं पत्रक आहे आणि ते दारोदार वाटायचं आहे. ते वाटताना आलेला वैताग या लेखात आहे. विशेषणं टाळायचा प्रयत्न करते. प्रत्येक ठिकाणी जमेलच असं नाही.

इंटरनेटचा इतिहास लोक अमेरिकेतून सुरू करतात. मी केज तालुक्यातून करते. रस्त्याकडेला कमरेइतकं खणलं की सगळे जमाने एका खड्ड्यात सापडतात. एक असते जाड काळी केबल, आत तांब्याच्या तारा. ही टेलिफोनची. गावात त्या वेळी तीन फोन होते, एक डॉक्टरकडे, एक मोठ्या बागायतदाराकडे आणि एक एसटीडीच्या काचेच्या खोलीत. ही केबल आता मेली आहे, पण तिला कुणी उचललं नाही. तिच्याशेजारी नारिंगी पाइप असतो. त्यातून पहिली फायबर गेली, एका शहरातून दुसऱ्या शहराला. गावाच्या उंबऱ्यावरून गेली, गावात उतरली नाही. मग काळे-निळे पाइप, खासगी कंपन्यांचे, टॉवरला जाणारे. आणि सगळ्यांत शेवटी बोटाएवढी केबल, ग्रामपंचायतीला इंटरनेट द्यायचं म्हणून आलेली. चारही वेळा खांदायला माणसं त्याच गावांतली होती. चारही वेळा त्यांना सांगितलं गेलं की आता जग जवळ आलं.

जग जवळ आलं म्हणजे कुठपर्यंत आलं, तेही सांगते. एका गावात पंचायतीपर्यंत मी स्वतः केबल जोडली. आतली पेटी चालू केली, हिरवा दिवा लागला, पेढे वाटले. महिन्याने गेले तर पेटी पंचायतीच्या लोखंडी कपाटात आणि कपाटाला कुलूप.

"आत कावून ठेवली?" मी शिपायाला विचारलं.

"बाहेर ठिवली तर लोक वापरतेत ना ताई."

त्याच्या तोंडावर कसलीही थट्टा नव्हती. सरकारी वस्तू सांभाळायची ती कुलपात, हे त्याला शिकवलेलं होतं. मी परत येऊन एकपानी पत्रक काढलं, ‘गावाचं इंटरनेट कपाटात का?’ आणि पंचायतीच्या दारावर चिकटवलं. कपाट उघडलं गेलं. पेटी बाहेर आली, तिच्यावर हार घातला गेला, आणि हार वाळल्यावर ती परत आत गेली.

भंगारवाल्यांची तर वेगळीच तक्रार. तांब्याच्या जमान्यात रात्रीतून केबल कापून विकणाऱ्यांचा एक धंदाच होता. फायबर आल्यावर त्यांनी तीही कापली आणि आत काच निघाली. एक जण मला चहाच्या टपरीवर भेटला, स्वतःहून म्हणाला, "ताई, तुमच्या कंपनीनं लई फसवणूक चालवली. एवढी जाड वायर अन् आत कायबी न्हाई." मी म्हटलं, तक्रार अर्ज द्या. तो खरंच विचार करायला लागला.

आत काय असतं, ते आता सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. केबलच्या मधोमध एक पोलादी तार असते. ती फक्त ताण सोसण्यासाठी, तिच्यातून काहीही जात नाही. तिच्याभोवती बारीक नळ्या, आणि नळ्यांत केसाएवढे काचेचे तंतू, प्रत्येकाचा रंग वेगळा, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे. या तंतूंतून उजेड धावतो. तो उजेड म्हणजे तुमचं सगळं, फोटो, पैसे, भांडणं, भजनं. तंतू तुटला की त्याची दोन्ही टोकं साफ करायची, सरळ कापायची आणि एका यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्र ठिणगी पाडतं, काच वितळते आणि दोन्ही टोकं एक होतात. निळा निळ्याला, नारिंगी नारिंगीला. धुळीचा एक कण मध्ये आला तरी पुन्हा पहिल्यापासून. टॉवरसुद्धा याच केबलवर जगतो. टॉवर म्हणजे नुसता नळ आहे, पाणी जमिनीखालून येतं. खालची केबल तुटली की वरचा टॉवर कितीही उंच असला तरी कोरडा.

आता ती गोष्ट. युसूफ वडगावच्या बाजाराला ज्या गावांची माणसं येतात, त्यांतलं हे एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. का, ते पुढे येईल.

टॉवर बंद पडून काही दिवस झाले होते. कॉल नाही, नेट नाही. आमच्याकडे एक यंत्र असतं. ते केबलमध्ये उजेड सोडतं आणि तुटलेल्या जागेला आपटून तो किती अंतरावरून परत आला हे सांगतं. यंत्राने अंतर सांगितलं. आम्ही मोजून गेलो, खणलं, तिथे केबल धडधाकट. पलीकडे खणलं, तिथे केबलचं वेटोळं निघालं, तेही धडधाकट. यात यंत्राची चूक नाही, ते केबलची लांबी मोजतं, रस्त्याची नाही. केबल टाकताना जागोजागी जादा वेटोळी जमिनीत ठेवतात, पुढे तुटली तर ओढायला हवी म्हणून. ती कुठे आणि किती ठेवली हे टाकणाऱ्याने सांगायचं असतं. टाकणारा कंत्राटदार पैसे घेऊन गेला, त्याचा पोटकंत्राटदार गेला, आणि त्याचा मुकादम आता नगरला चप्पल विकतो. मी कुणाला विचारू?

मग उरतात गावकरी. केबल आपोआप तुटत नाही, कुणीतरी खणलेलं असतं. पण कुणी खणलं हे गावात विचारलं की सगळं गाव एका माणसासारखं वागतं.

"हिथं कोन खांदतंय बाई," बाप्पा म्हणाले. बाप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांचं शेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

"मग हा तुमचा पाइप रस्त्याच्या त्या बाजूचा ह्या बाजूला कसा आला? उडून?"

"ते जुनं काम हाय."

"बाप्पा, त्याचा निळा रंगसुद्धा उतरलेला नाही."

"चांगल्या कंपनीचा हाय. रंग उतरतच न्हाई त्याचा."

टपरीवरचे सगळे खाली बघून हसले. पाइप रस्ता ओलांडून आलाय एवढं कळत होतं, पण रस्त्याच्या कडेने सगळीकडे नवा मुरूम पसरलेला होता. नेमकं कुठे ओलांडला हे कळत नव्हतं. समोर कंपनीचा पिवळा बोर्ड उभा होता, केबल तोडणाऱ्यास दंड व कारावास. त्याखाली काय करावं, कुणाला कळवावं, याचा एक शब्द नाही. अण्णांनी असलं पत्रक माझ्या तोंडावर फेकलं असतं.

दुपारी मी तिसऱ्या खड्ड्यात उभी असताना एक मुलगी वर येऊन उभी राहिली. वीस-बावीसची असेल. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला, त्यावरची रिकामी रेंज दाखवली, मग माझ्याकडे बोट केलं, मग दोन्ही हात उलटे करून झटकले. कधी? एवढं मला कळलं. मी म्हटलं, बघू, आज होईल. तिने माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. पटलं नाही असा तिचा चेहरा होता. मागून तिची आई धावत आली.

"तिला ऐकू येत न्हाई ताई. बोलतबी न्हाई. शबाना नाव तिचं."

आई रशीदाचाची. वडील उस्मानचाचा, गावातले मोटार-मेकॅनिक. मोटार म्हणजे विहिरीतली, बोअरची. जळलेली मोटार रिवाइंड करायला चार गावांची माणसं त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतात. शबाना मूकबधिरांच्या निवासी शाळेत शिकून आली होती आणि घरी शिवणकाम करत होती.

चाचींनी सांगितलं ते असं. शबानाची सोयरीक ठरत आली होती. मुलगा परभणीकडचा, तोही ऐकू न येणारा, कपड्यांच्या दुकानात कामाला. दोघं काही महिने व्हिडिओ कॉलवर हाताच्या भाषेत बोलत होती. मुलगा तिला पसंत होता. मागच्या खेपेला मुलाचा थोरला भाऊ येऊन गेला आणि जाता जाता म्हणाला, लग्न झाल्यावर दोन मोबाइल कशाला, दोघं समोरासमोरच राहणार, तिचा मोबाइल इथेच ठेवा. बाकी कुणाला यात काही वाटलं नाही. शबानाला वाटलं. तिला मुलालाच विचारायचं होतं, माझा मोबाइल माझ्याकडे राहील ना? त्या संध्याकाळी विचारणार तर टॉवर बंद. आणि आता दोन दिवसांनी पाहुणे तारीख पक्की करायला येणार होते.

"मुलगा येईल तेव्हा विचारू दे की," मी म्हटलं.

"तो येनार न्हाई. मोठी मानसं येनार. अन् एकदा तारीख काढल्यावर काय इचारायचं ताई?"

"मग आत्ता गाडीत बसा. युसूफ वडगावला रेंज आहे. मी नेते दोघींना."

चाचींनी शबानाकडे बघितलं. मग हळू म्हणाल्या, "बाजारात उभी राहून हातवारे करंल. मानसं गोळा होतेत. मागं एकदा झालं हाय तसं. तमाशा बघितल्यासारखं बघत्यात. ती न्हाई येनार."

शबाना आईच्या तोंडाकडे बघत होती. तिला नेमकं कळलं आम्ही काय बोलतोय. तिने स्वतःच हाताने जोरात नाही केलं.

मी इतकी वर्षं लोकांना सांगत होते की फोन आला, मग मोबाइल आला, मग नेट आलं, असं एकेक पाऊल पुढे. त्या खड्ड्यात उभं राहून मला कळलं की या मुलीच्या हिशेबात त्यातलं काहीच आलं नव्हतं. एसटीडीची काचेची खोली तिच्या काय कामाची? तांब्याची केबल, बटणांचा मोबाइल, मिस्ड कॉल, काय कामाचं? सगळं गाव फोनवर ओरडत होतं तेव्हा ती शाळेच्या सुट्टीची वाट बघत होती, मैत्रिणींशी बोलायला. तिचा टेलिफोन सरळ व्हिडिओ कॉलनेच सुरू झाला. तो सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर एक माणूस म्हणतो दोन मोबाइल कशाला, आणि टपरीवरचे म्हणतात, "दोगंबी मुकी, त्यांना काय बोलायचं असतंय?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणणाऱ्याच्या हातात दोन सिमचा मोबाइल होता.

त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत खणलं. उस्मानचाचा चहा घेऊन आले. उंच, सडपातळ माणूस, बोटांना वार्निश लागलेलं. खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, ह्या वायरीत करंट किती असतो?"

"करंट नसतो चाचा. उजेड असतो."

"मंग तांब्याची तार कुठून घेतलेली असती?"

"तांबं नसतंच त्यात."

त्यांनी खड्ड्यात वाकून बघितलं. मग कप घेऊन निघून गेले. मी दमले होते. माझ्या डोक्यात बाप्पा होते. मी मनातल्या मनात बाप्पांवर एक पत्रक लिहीत होते आणि ते चांगलं जमत होतं.

सकाळी गाडी गावात शिरली तर उस्मानचाचा वेशीवरच उभे. त्यांनी बाबूरावला हात केला, मग माझ्या खिडकीशी आले.

"ताई, किती साल असतेत?"

"कसले साल?"

"बोर्डावर लिवलंय न्हवं. आत टाकतेत म्हनून. खरं सांगितलं तर कमी होतेत का?"

मी दार उघडून खाली उतरले. "चाचा, मला फक्त जागा पाहिजे. माणूस कोण हे मी विचारलेलं नाही आणि विचारणार पण नाही."

"लिवनार न्हाई?"

"गावाचं नावसुद्धा लिहिणार नाही."

ते पुढे आणि आम्ही मागे, असे रस्त्याने गेलो. बाप्पांच्या शेताच्या बरंच अलीकडे, जिथे मी तर कधीच खणलं नसतं, तिथे ते थांबले आणि स्वतःच खोऱ्याने मुरूम ओढायला लागले. बाप्पांच्या पाइपाबरोबर मोटारीची वायर टाकायचं काम त्यांनीच घेतलं होतं. वळसा घालून इकडून रस्ता ओलांडला होता. जेसीबीच्या दाताला केबल लागली आणि तुटली. बाप्पा म्हणाले, गप बुजवून टाक, कंपनीचं कंपनी बघंल. पण उस्मानचाचांना ते बरं वाटलं नाही. गावाचा टॉवर त्याच वायरीवर असेल आणि पोरगी रोज संध्याकाळी त्याच टॉवरवर बोलते, एवढं त्यांना सुचलं. म्हणून त्यांनी जेसीबीवाल्याला थांबवून ठेवलं आणि वायर जोडली.

"ही बगा," ते म्हणाले. खड्ड्यातून त्यांनी एक गाठ वर काढली. आवाजात भीती होती, पण थोडा अभिमानही होता, तो लपत नव्हता.

मी इतक्या वर्षांत असली जोड बघितली नाही. वर टेप, एकसारखी, कुठे सुरकुती नाही. टेपखाली सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलेलं. त्याच्या आत मेण ओतलेलं. आणि आत मधली पोलादी तार, पीळ देऊन, वरून कथलाचा डाग मारून पक्की केलेली. विहिरीच्या तळाशी सोडली असती तरी आत पाण्याचा थेंब गेला नसता.

"आणि हे रंगीत तंतू?" मी विचारलं.

"ते पॅकिंगचे धागे न्हवं का? मोटारीतबी असतेत. जोड साफ यावी म्हनून कापून टाकले."

खरंच, बोटाएवढ्या अंतरावर सगळे तंतू एका रेषेत छाटलेले होते. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. इतके सुबक तर आमचे लोकही कापत नाहीत.

"चाचा," मी म्हटलं, "ते धागे म्हणजेच इंटरनेट."

ते खड्ड्याच्या कडेवर बसले. बाबूरावने त्यांना पाणी दिलं.

मला राग आला होता, आणि तो त्यांचा नव्हता. या माणसाच्या दारावरून चार वेळा केबल गेली. प्रत्येक वेळी गावातलीच माणसं खांदायला लावली, आणि एकदाही कुणी केबलचा एक तुकडा सोलून या गावाला दाखवला नाही की बाबांनो, आत हे असतं, तुटलं तर हात लावू नका, या नंबरला सांगा. त्याऐवजी काय लावलं? कारावास. या बोर्डामुळे केबल तुटायची थांबत नाही, तुटलेली केबल लपते फक्त. ज्या माणसाने तुटल्यावर बुजवून टाकलं असतं तो निवांत झोपतो, आणि ज्याने मेण ओतून जोडली तो किती साल म्हणून विचारतो. ही व्यवस्था कुणी केली, त्या माणसाला भेटायची माझी तयारी आहे. त्याने वेळ कळवावी.

दुसऱ्या खड्ड्यातलं वेटोळं आता उपयोगी पडलं. केबल ओढून घेतली, छोटा तंबू उभा केला, कारण धूळ चालत नाही, आणि बसले. शबाना तंबूच्या तोंडाशी येऊन बसली. यंत्राच्या पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन दिसतात, खांबांएवढी. ती जवळ येतात, ठिणगी पडते, आणि मधली फट नाहीशी होते. पहिली ठिणगी पडली तेव्हा तिने मागे वळून वडिलांना खूण केली, या, बघा. उस्मानचाचा आले. एकेक तंतू बघत राहिले. अर्ध्यात म्हणाले, "म्हंजे सरळ काप लई महत्त्वाचा."

"सगळं त्यातच आहे."

"माझा काप सरळच होता," ते म्हणाले, आणि मला हसू आवरलं नाही. त्यांनाही नाही.

मध्येच सुपरवायझरचा फोन आला, उपग्रहाच्या कृपेने नव्हे, तर मी टेकाडावर चढून, व्हिडिओला पुरणार नाही अशी, नुसती बोलण्यापुरती रेंज शोधून त्याला कळवायला गेले होते म्हणून.

"कट कुणी केला? नाव घे. दंड लावायचाय."

"उंदीर."

"एवढ्या खोल उंदीर?"

"बीडचे आहेत साहेब."

"फोटो पाठव उंदराचा."

"पळाला."

त्याने फोन ठेवला. त्याला पुढे काय लिहायचं ते त्याने लिहिलं असेल.

दुपारी टॉवर जिवंत झाला. गावात एकदम सगळ्यांचे मोबाइल वाजायला लागले, साचलेले मेसेज यायला लागले, आणि टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "आलं बे, आलं." शबाना तोवर घराकडे पळालेली होती. चाचींनी आम्हाला जेवायला थांबवलं, म्हणून पुढचं मी बघितलं.

तिने मोबाइल शिलाई मशीनला टेकवून उभा केला आणि समोर बसली. मुलाचा चेहरा आला. हसरा, सरळ पोरगा वाटला मला. दोघांचे हात भराभर चालायला लागले. मला काही कळत नव्हतं. चाची भाकरी थापता थापता मध्येच एखादं वाक्य सांगत होत्या. कसा आहेस विचारती. टॉवर बंद होता म्हणती. मग शबानाने हात थांबवले, क्षणभर मांडीवर ठेवले, आणि एक छोटं वाक्य सावकाश केलं. स्वतःकडे बोट, मोबाइलकडे बोट, मूठ छातीशी. हे मलाही कळलं.

मुलाने पडद्याबाहेर एकीकडे बघितलं. तिथे कुणीतरी असावं. मग त्याने उत्तर दिलं. शबानाने तोच प्रश्न पुन्हा केला, जरा जोरात, जसं आपण आवाज चढवतो तसा. त्याने तेच उत्तर पुन्हा दिलं.

चाचींचा हात परातीत थांबला होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"भाईला इचारून सांगतो म्हनला."

शबानाने त्याला आणखी काही सांगितलं, रागाने नाही. कपाळाला हात लावून सलाम केला आणि मोबाइल आडवा केला. मग उठून वडिलांसमोर उभी राहिली आणि एकदाच हात आडवा फिरवला.

"एवढ्यावरून?" उस्मानचाचा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, बायकोशी बोलत होते, कुणाशी ते त्यांनाही माहीत नव्हतं. "पोरगा चांगला हाय. कामाला हाय. एका मोबाइलवरून सोयरीक मोडायची?"

"तिनं एवढंच इचारलं होतं," चाची म्हणाल्या.

"अगं सगळेच भाईला इचारतेत. मी न्हाई का इचारलं?"

"म्हनून तर," चाची म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

संध्याकाळपर्यंत टपरीवर निकाल लागलेला होता. बाप्पांनी मला ऐकू जाईल असं सांगितलं, "बगा, नेट आलं अन् पोरगी हातची गेली. बंद होतं तेच बरं होतं." मी गाडीत पेट्या भरत होते. मी त्यांना सांगितलं की बाप्पा, तारेतून होकार जातो तसा नकारही जातो, दोन्हीला सारखाच वेळ लागतो. लग्नानंतर कळण्यापेक्षा तारीख निघायच्या आधी कळलं, यासाठी मी तीन खड्डे खणले आणि आणखी तीन खणले असते. ते म्हणाले, लई बोलता बाई तुमी. हे मात्र खरं आहे.

निघताना मी पत्र्याच्या शेडपाशी थांबले. उस्मानचाचा एका उघड्या मोटारीसमोर बसले होते, पण हात चालत नव्हते. पाहुणे सकाळी निघणार होते. निघायच्या आत त्यांना कळवायला हवं होतं, आणि ते घरातल्या कर्त्या माणसानेच कळवायला हवं होतं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "उद्यापत्तुर ते बंद ठिवता येतंय का? म्हंजे फोन लागलाच न्हाई म्हनता येईल. ते आल्यावर चहापानी करून सांगू सावकाश."

"येतं," मी म्हटलं. "पण ठेवणार नाही."

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे त्यांना माहीत होतं. शबाना दारातून आली. तिने त्यांच्या खिशातला मोबाइल काढला, नंबर शोधला, लावला आणि त्यांच्या कानाला नेऊन धरला. पलीकडे घंटी वाजत होती. तिला ती ऐकू येत नव्हती, म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्यांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि उभे राहिले.

"सलाम भाईजान. उस्मान बोलतोय. हां, हां, आवाज येतोय. लई साफ येतोय. आता मी काय सांगतो ते ऐका."